लखनौचे वाजपेयी : मवाळपणाचे सामर्थ्य आणि त्याच्या सीमा

भारतीय संसदेत अर्धशतक काढणाऱ्या मोजक्या नेत्यांमध्ये अटल बिहारी वाजपेयी यांची गणना होते. दहा वेळा लोकसभेवर आणि दोन वेळा राज्यसभेवर ते निवडून गेले. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, दिल्ली आणि गुजरात अशा चार ठिकाणच्या मतदारांनी त्यांना कौल दिला. तथापि त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते लखनौशी. 1991 ते 2009 या काळात त्यांनी या शहराचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले. कट्टर वैचारिक पक्षातील मवाळ नेता ही त्यांची प्रतिमा याच शहरात उजळली आणि याच शहरात तिच्याविषयी सर्वात अवघड प्रश्नही उपस्थित झाला.

तीन पराभव, पाच विजय

25 डिसेंबर 1924 रोजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या वाजपेयींचा मराठी वातावरणाशी बालपणापासूनच परिचय होता. नारायणराव तर्टे या मराठी प्रचारकांमुळे ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाकडे ओढले गेले. कानपूरच्या डीएव्ही महाविद्यालयात राज्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ते लखनौला आले ते राजकारणासाठी नव्हे, तर पत्रकारितेसाठी. ‘राष्ट्रधर्म’ आणि 1948 मध्ये सुरू झालेले ‘पांचजन्य’ यांच्या संपादनाची धुरा त्यांनी याच शहरात सांभाळली.

लखनौने मात्र त्यांना सहजासहजी आपले मानले नाही. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास विजयालक्ष्मी पंडित यांच्या राजीनाम्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. 1957 मध्ये त्यांनी लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन मतदारसंघांतून उमेदवारी केली. मथुरेत अनामत रक्कम जप्त झाली, लखनौत पराभव पत्करावा लागला आणि बलरामपूरने त्यांना लोकसभेत पाठविले. 1962 मध्ये लखनौने त्यांना तिसऱ्यांदा नाकारले. पुढे 1991, 1996, 1998, 1999 आणि 2004 अशा सलग पाच निवडणुकांत याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. राज बब्बर, मुझफ्फर अली, करण सिंह असे नामवंत प्रतिस्पर्धी येथे त्यांच्यापुढे टिकू शकले नाहीत. 2004 मध्ये देशात त्यांच्या आघाडीचा पराभव झाला, तरी लखनौत ते दोन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले.

या यशात पक्षाच्या संघटनेचा वाटा होताच. परंतु लखनौ हे तहजीबीचे, नेमस्त बोलीचे शहर आहे. विरोधकाचाही आदराने उल्लेख करणारा, शब्द तोलून वापरणारा वक्ता या शहराला जवळचा वाटला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सभागृहातील घडण

1957 च्या लोकसभेत जनसंघाचे अवघे चार सदस्य होते. एवढ्या लहान गटाला सभागृहात वेळही कमी मिळत असे. ऐकले जायचे तर अभ्यास आणि भाषा याच दोन गोष्टींचा आधार होता. वाजपेयींच्या संसदीय शैलीचे मूळ या परिस्थितीत आहे. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर त्यांनी कठोर टीका केली आणि 1964 मध्ये नेहरूंच्या निधनानंतर राज्यसभेत त्यांना तितक्याच मनःपूर्वक श्रद्धांजलीही वाहिली.

1977 मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हिंदीतून भाषण केले. 1994 मध्ये ते विरोधी पक्षनेते असताना पंतप्रधान नरसिंह राव यांनी त्यांना जिनिव्हातील मानवाधिकार आयोगाच्या बैठकीसाठी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले. काश्मीरवरील ठराव पाकिस्तानला तेथे मागे घ्यावा लागला. सरकारने विरोधी नेत्यावर असा विश्वास टाकावा आणि त्यानेही तो सार्थ ठरवावा, ही आज दुर्मीळ वाटणारी गोष्ट आहे.

17 एप्रिल 1999 रोजी त्यांचे सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले. त्यांनी तो निर्णय स्वीकारला आणि ते पुन्हा जनतेसमोर गेले. त्यानंतरच्या कार्यकाळात, 2003 मध्ये, 91 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे नियम अधिक कडक झाले आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा आली.

आघाडीचे गणित

वाजपेयींचा मवाळपणा हा केवळ स्वभावाचा भाग नव्हता, त्यामागे राजकीय गणितही होते. 1996 मध्ये बहुमताअभावी त्यांचे सरकार तेरा दिवसांत गेले. स्वतःच्या भूमिकेत मुरड घातल्याखेरीज मित्रपक्ष मिळणार नाहीत, हा धडा त्यातून मिळाला. राममंदिर, कलम 370 आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय आघाडीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवण्यात आले. परिणामी 1999 ते 2004 असे जवळजवळ पूर्ण मुदतीचे बिगरकाँग्रेस आघाडी सरकार देशाने पाहिले. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचणी घेणारे पंतप्रधान फेब्रुवारी 1999 मध्ये बसने लाहोरला गेले आणि कारगिलच्या युद्धानंतरही 2001 मध्ये आग्र्याला चर्चेस बसले.

अमीनाबादचे भाषण

या चित्राला दुसरी बाजूही आहे. 5 डिसेंबर 1992 रोजी लखनौच्या अमीनाबादमध्ये झालेल्या सभेत वाजपेयींनी अयोध्येत जमीन समतल करावी लागेल, अशा आशयाचे वक्तव्य केले. दुसऱ्या दिवशी बाबरी मशीद पाडण्यात आली. ते स्वतः त्या दिवशी अयोध्येत नव्हते आणि घटनेबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. परंतु 2009 मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या लिबरहान आयोगाच्या अहवालाने त्यांची गणना छद्म मवाळांमध्ये केली. भारतीय जनता पक्षाने हा ठपका अमान्य केला.

2002 च्या गुजरात दंगलींनंतर हाच पेच पुन्हा दिसला. 4 एप्रिल रोजी अहमदाबादेत त्यांनी राज्य सरकारला राजधर्माची आठवण करून दिली. त्याच महिन्यात गोव्यातील पक्षाच्या बैठकीनंतर केलेल्या भाषणातील मुस्लिमांविषयीच्या विधानांवर मात्र तीव्र टीका झाली आणि राज्याच्या नेतृत्वात कोणताही बदल झाला नाही.

या विसंगतीचा अर्थ काय लावावा? मवाळपणा हा मुखवटाच होता, असे काहींचे मत आहे. हे मत पुरेसे वाटत नाही, कारण जिनिव्हा, लाहोर आणि आघाडीचा कारभार यांचा उलगडा त्यातून होत नाही. अधिक पटणारा निष्कर्ष असा की, सभागृहात वाजपेयी मनाने मवाळ होते, मात्र परिवाराचा आणि जमावाचा रेटा वाढला की ते त्याला अडविण्याऐवजी शब्दांनी वळसा घालीत. महाराष्ट्राला मवाळ आणि जहाल हा वाद नवा नाही. गोखल्यांच्या मवाळपणाची कसोटी परकीय सरकारपुढे लागली. वाजपेयींची कसोटी स्वतःच्याच अनुयायांपुढे होती आणि ती अधिक कठीण होती.

वारसा

डिसेंबर 2005 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. 2009 मध्ये लखनौची जागा लालजी टंडन यांनी राखली. 2014 पासून ती राजनाथ सिंह यांच्याकडे आहे. 2015 मध्ये वाजपेयींना भारतरत्न प्रदान करण्यात आले आणि 16 ऑगस्ट 2018 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. लखनौच्या क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले असून, लोकभवनात त्यांचा 25 फुटी पुतळा उभा आहे.

पुतळे उभारणे सोपे असते. विरोधकाचे म्हणणे ऐकून घेणे, एका मताचा पराभवही मान्य करणे आणि बहुमत नसताना सहमती घडविणे, हा त्यांचा वारसा चालविणे कठीण आहे. आणि सौम्य शब्द पुरेसे नसतात, वेळ आली की आपल्याच माणसांना ठामपणे थांबवावे लागते, हे त्यांच्या मर्यादांनी दिलेले भानही त्या वारशाचाच भाग आहे.