डोकं बाजूला ठेवायचं नाही!

"डोकं बाजूला ठेवून बघा, मग मजा येईल!" जादूचा, परीकथेचा किंवा भुताखेतांचा सिनेमा आला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. घरातली तरुण मंडळी म्हणतात, ब्लॉगवाले मित्र लिहितात. दुसरीकडे आमच्या पिढीतले काही सुधारक स्नेही आहेत. त्यांचं म्हणणं, "एकविसाव्या शतकात कसले चमत्कार दाखवता? आधीच लोक भगतांच्या नादी लागलेले, त्यात ही भर!"

या दोन पक्षांचं आपसात अजिबात पटत नाही. पण मला विचाराल तर दोघांची चूक एकच. वास्तव एका खोलीत, जादू दुसऱ्या खोलीत आणि मधे भिंत, असं दोघंही गृहीत धरतात. एकाला त्या दुसऱ्या खोलीत सुट्टीला जायचंय आणि दुसऱ्याला तिला कुलूप घालायचंय, एवढाच काय तो फरक. त्या भिंतीबद्दलच आज थोडं भांडायचं आहे.

आमच्या डहाणू-तलासरी भागात प्रत्यक्ष भिंतीवर काय दिसतं ते आधी सांगतो. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. चौकात पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते, त्या गाण्यांनी देवांना बोलावलं जातं. आणि त्याच भिंतीवर, त्याच पिठानं, ताडावर चढणारा माणूस असतो, कोंबड्या असतात, बैल असतात, भात कांडणाऱ्या बायका असतात. देवीला वेगळा रंग नाही आणि कोंबडीलाही नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहरातले लोक ती चित्रं दिवाणखान्यात लावतात आणि "किती गोड, किती निरागस" म्हणतात. मला त्यात निरागसपणा दिसत नाही. देव आणि पोटापाण्याचा उद्योग एकाच पिठात कालवण्याची ती मोठी जाणती रीत आहे.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथाही तशीच. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला गेलेल्यांनी ती ऐकली असेलच. देवीचं मूळ स्थान वर डोंगरावर. एका गरोदर बाईला दर्शनाचा चढ झेपेना, म्हणून देवीच खाली उतरली. आता या कथेत चमत्कार कोणता? देवी डोंगर उतरली हा. पण कथा उभी आहे ती गरोदर बाईच्या दमलेल्या पायांवर. ते पाय खोटे वाटले असते तर देवीही खोटी वाटली असती.

चाळीसएक वर्षांपूर्वीच्या माझ्या वर्गात ही अक्कल मुलांना उपजत होती. राजकन्या बारा वर्षं रानात राहिली, असं गोष्टीत आलं की मागच्या रांगेतून प्रश्न येई, "गुरुजी, मग तिने खाल्लं काय?" राक्षसाबद्दल कुणाची तक्रार नसे. तो असू शकतो! पण कडूकंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवावा लागतो हे ज्या पोराला घरी दिसतं, त्याला राजकन्येच्या जेवणाचा हिशेब हवाच असतो. डोकं बाजूला ठेवणारा प्रेक्षक हा असा प्रश्न विचारायचं विसरला आहे. आणि कुलूप लावणाऱ्याला राक्षस दिसला की राजकन्येची भूक दिसतच नाही.

आता सिनेमाकडे येतो.

आपल्याकडे सिनेमाच मुळी एका जादूगारानं आणला. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतलं होतं. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र', १९१७चं 'लंकादहन', १९१९चं 'कालियामर्दन' (यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती), हे सगळं चमत्कारांचंच जग. पण चमत्कार आणि घरसंसार यांचा खरा सांधा मराठीत जुळला तो १९३६ साली, प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये.

दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात चमत्कारांची काही कमतरता नाही. गाथा पाण्यातून परत येते, शेवटी वैकुंठाचं विमान येतं. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून गातो आणि देव धावतो. पण त्या सगळ्याशेजारी गौरीची आवली आहे. तिला मुलं आहेत, म्हैस आहे, रिकामी मडकी आहेत. लेकरू आजारी पडल्यावर ती हातात पायताण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला निघते! देवाच्या सिनेमात देवाला पायताण दाखवणारी बाई. तुकारामाचं विमान वर जातं आणि आवली खाली, मातीवर उरते. उद्याची चूल तिलाच पेटवायची आहे. त्या विमानाची दोरी आज कुणालाही दिसेल, तंत्र जुनंच आहे. तरी डोळे पाणावतात, कारण आपण विमानाकडे बघत नसतो, तिच्याकडे बघत असतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना विठोबा कुठे ठाऊक होता? आवली मात्र त्यांच्याही गल्लीत राहत असणार.

बरोबर ८१ वर्षांनी, २०१८ साली, त्याच व्हेनिसला समीक्षक सप्ताहाची सुरुवात राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'नं झाली. भाषा हिंदी, पण गाव, वाडा, पाऊस, माणसं सगळी आपली. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं. (कादंबरीशी कथेचा संबंध नाही, हे पेंडसेप्रेमींसाठी.) सोनं आणि धान्य दोन्ही हवं असलेला हस्तर नावाचा देवपुत्र, धान्याला हात घालताना इतर देवांनी त्याला हाणलं, आणि कुणीही त्याची पूजा करायची नाही असा शाप. हे पुराण सिनेमावाल्यांनीच रचलेलं आहे, जुन्या पोथीत शोधू नका. पण ते रचताना त्यांनी नियम घातले आणि ते पाळले. पिठाचं रिंगण आखायचं, पिठाची बाहुली टाकायची, भुकेला हस्तर ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातून पडतील तेवढी नाणी गोळा करायची आणि दोर धरून वर यायचं. रिंगण मोडलं की संपलं.

बघा, शेवटी गोष्ट पिठापाशीच आली. आमच्याकडे वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी. कापणीच्या हंगामात तिची गाणी होतात. धान्य पोटापुरतं असतं, सोन्याला मात्र पोट नसतं आणि म्हणून ते कधी भरत नाही. 'तुंबाड' हेच सांगतो, आणि १९१८, १९३३, १९४७ अशी सालं लावून सांगतो. देश स्वतंत्र होतो आणि विनायक मात्र लोभाच्या विहिरीतून बाहेर येत नाही. ही जादू काढून टाका, उरेल फक्त एका लोभी माणसाची तक्रार. वास्तव काढून टाका, उरेल फक्त किळस. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, यात मला तरी नवल वाटलं नाही.

परदेशी उदाहरण हवं असेल तर गियेर्मो देल तोरो यांचा २००६चा 'पॅन्स लॅबिरिन्थ' पाहा. १९४४चा स्पेन, हुकूमशहाचा कॅप्टन सावत्र बाप, आणि ओफेलिया नावाची पोरगी चक्रव्यूहात एका अजब प्राण्याला भेटते. एकीकडे कॅप्टनचं जेवणाचं टेबल आणि गावकऱ्यांना मोजून मिळणारा पाव. दुसरीकडे राक्षसाचं भरलेलं ताट, ज्याला हात लावायचा नाही. ही दोन्ही ताटं एकच आहेत हे पोरीला कळतं. पण लक्षात घ्या, कॅप्टनला हरवतात ते जंगलातले बंडखोर. जादूची फौज येऊन त्यांचं काम करत नाही.

इथे माझं खरं भांडण सुरू होतं. २०२२चा 'कांतारा' आमच्याही भागात लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातली भूतकोळ्याची दृश्यं जबरदस्त आहेत, अंगावर काटा येतो, हे मान्य. पण कथा कशाची आहे? जमिनीची. राजानं दिलेली जमीन वंशजाला परत हवी, आणि वर वनखातं. आणि सुटका कशी होते? दैव अंगात येतं, जमीनदार मारला जातो, गावकरी आणि वन अधिकारी यांचे हात हातात दिले जातात, प्रश्न मिटला! डहाणू-तलासरीत बसून मी हे टाळ्या वाजवत कसं बघू?

आमच्याकडे जमीनदार-सावकार होते, त्यांच्याही गोष्टी राक्षसासारख्याच. गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो, यांचा खातेवहीत असे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको जन्मभर त्याच्या दारात राबणार, त्याला नावच 'लग्नगडी'. हे वाचून कुणाला अतिशयोक्ती वाटली तर गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' जरूर वाचा. तो प्राण दैवानं घेतला नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले, वेठ करणार नाही म्हणाले आणि खरंच केली नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, जेठ्या गांगड त्यांत होते. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी आणि आदिवासी चालत गेले ते वनहक्काच्या दाव्यांसाठी, आणि त्यांच्या तळपायांची सालटी निघालेली सगळ्या देशानं पाहिली. देवी गरोदर बाईसाठी डोंगर उतरते, हे मला पटतं. पण देव येऊन सातबारा नावावर करून देतो, हे दाखवणं म्हणजे चाललेल्या पायांचा अपमान आहे.

आता सुधारक मित्रांचा आक्षेप. तो हलका नाही. आमच्या पाड्यांवर आजारपण आलं, गुरं दगावली, की एखाद्या एकट्यादुकट्या बाईला 'भुताळी' ठरवण्याचे प्रकार झालेले आहेत. मारहाण, गावाबाहेर काढणं, त्याहूनही भयंकर. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर, त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा झाला. मित्र विचारतात, "अशा भागात राहून तुम्ही जादूच्या सिनेमाची बाजू घेता?"

हो, घेतो. कारण गोष्टीतली जादू आणि भगताचा आरोप यांत मला स्पष्ट फरक दिसतो. गोष्ट म्हणते, "एक आटपाट नगर होतं." आरोप म्हणतो, "ती समोरची, तिसऱ्या घरातली." गोष्ट बोट दाखवत नाही. ज्या सिनेमात पांढरी साडी आणि मोकळे केस एवढ्यावर बाई भूत ठरते आणि शेवटी तिला जाळून सगळे सुखी होतात, तो सिनेमा परीकथेचा नाहीच, तो भगताचा आहे. त्याला मी तुमच्याबरोबर उभा राहून विरोध करीन. 'तुंबाड'मध्येही भेसूर म्हातारी आहे आणि तीही शेवटी जळते, असं कुणी म्हणेल. पण तिला तसं कुणी केलं? घराण्याच्या लोभानं. साखळीत कुणी ठेवलं? घरच्यांनीच. कॅमेरा बोट दाखवतो ते वाड्याच्या मालकाकडे. हा फरक मुलांना शिकवता येतो. वर्गात गोष्ट बंद करून मात्र तो शिकवता येत नाही. गोष्टी बंद केलेल्या घरातल्या मुलाला भगताची गोष्ट पहिल्यांदा ऐकू येते, तेव्हा ती गोष्ट आहे हेच त्याला ओळखता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा सिनेमा लागला की माझ्या नातवंडांनी (आणि त्यांच्या आईबापांनीही!) तीन प्रश्न खिशात घेऊन जावं. या जादूची किंमत कोण मोजतंय? माणसांनी करायचं काम जादू तर उरकत नाही ना? आणि तिचं बोट दुबळ्याकडे तर वळलेलं नाही ना? उत्तरं नीट मिळाली तर देव, राक्षस, परी, हस्तर, कुणीही येऊ दे, आपण दिलखुलास दाद देऊ. नाही मिळाली तर कितीही कोटींचे ग्राफिक्स असोत, मध्यंतरात उठून आलात तरी माझी हरकत नाही.

असो. बरंच लांबलं, मास्तरकीची खोड जात नाही. 'कांतारा'वाले चिडले असतील, त्यांनी जरूर भांडावं. फक्त डोकं बाजूला ठेवून भांडू नये, एवढीच विनंती.