बाळंतिणीच्या मनाचा जमाखर्च

बाळंतिणीच्या खोलीत दुधाची चौकशी दिवसातून दहा वेळा होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी यांत मराठी घर ऐपतीप्रमाणे सहसा हात आखडता घेत नाही. परंतु त्या स्त्रीला झोप लागते का, तिचे मन कशात रमते का, हे क्वचितच विचारले जाते. ‘घरात पाळणा हलला, आता रडतेस काय?’ एवढ्या एका वाक्यात तिचे दुःख निकालात निघते.

प्रसूतीनंतर काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक असते. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही टिकणारी उदासी हा मात्र आजार होय. भारतातील 38 अभ्यासांचा आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अशा नैराश्याचे प्रमाण 22 टक्के आढळले. गोव्यातील मातांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते 23 टक्के होते. तेथे आर्थिक ओढग्रस्त आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे दिसली. बाळ मुलगा की मुलगी, यावरही मातेचे मनःस्वास्थ्य अवलंबून होते. ‘पूर्वीच्या बायकांना असले काही होत नव्हते’ म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, पूर्वी कोणी विचारलेच नव्हते.

या उदासीचा दुधाशी निकटचा संबंध आहे. दूध तयार होते ते प्रोलॅक्टिनमुळे. ते पान्ह्याच्या रूपाने बाहेर येते ते ऑक्सिटोसिनमुळे. चिंता आणि वेदना यांनी पान्ह्यास अडथळा येतो. दूध असूनही ते उतरत नाही, बाळ रडते आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘दूध पुरत नाही’ असा निवाडा देऊन बाटली आणतात. बाळाचे चोखणे कमी झाले की दूध खरोखरच घटते, आणि आपण आई म्हणून उणे पडलो हा सल उदासीत भर घालतो. अशा मातेला स्तनपानाचे माहात्म्य ऐकवणे म्हणजे तिच्या ओझ्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय.

अर्थशास्त्राचाही येथे दोष आहे. दूधभुकटीचा डबा विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद होते. आईने रात्र जागून पाजलेल्या दुधाची होत नाही. ज्याचा हिशेब नाही ते फुकट मानले जाते, आणि जे फुकट त्याच्या जपणुकीवर खर्च करावा असे कोणास वाटत नाही. 2017 साली प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, हे स्वागतार्हच. पण शेतमजूर आणि मोलकरीण यांच्या वाट्याला ती येत नाही. त्यांची रजा घरातील धान्य संपताच संपते.

उपाय फार खर्चाचा नाही. दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्तीने 42 दिवसांत सहा भेटी द्याव्यात, अशी व्यवस्था आहेच. या भेटींचा भर बाळाचे वजन, तापमान आणि स्तनपान यांवर असतो. त्यांतच मातेस दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले का? कशातच गोडी वाटेनाशी झाली का? उत्तर होकारार्थी आल्यास पुढील तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. आधी मात्र तेथील परिचारिका आणि डॉक्टर यांना त्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि आशा कार्यकर्तीला या वाढीव कामाचा मोबदलाही. अंगावर पाजत असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधेही उपलब्ध आहेत. उपचार घ्यायचे तर दूध तोडावेच लागेल, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते.

घरच्यांचे कर्तव्य याहून सोपे आहे. रात्री बाळाला थोडा वेळ पतीने घेतले आणि तिला सलग चार तास झोप मिळाली, तर ते डिंकाच्या लाडवाइतकेच मोलाचे ठरेल. दुधाची काळजी करणाऱ्या समाजाने दूध देणारीची विचारपूस आधी करावी.