टवाळीचा बाजार आणि राजद्रोहाचा खटला

राहुल रौशन यांनी २००८ साली 'फेकिंग न्यूज' हे इंग्रजी संकेतस्थळ सुरू केले. बातमीच्या थाटात कल्पित बातमी लिहायची आणि पुढाऱ्यांची टर उडवायची, असा हा प्रकार. शहरी सुशिक्षित तरुणांनी तो डोक्यावर घेतला आणि २०१३ मध्ये एका बड्या माध्यमसमूहाने ते संकेतस्थळ विकतच घेतले. पुढे रौशन उजव्या विचारांच्या 'ऑपइंडिया'चे प्रमुख झाले, ही गोष्ट वेगळी!

आमच्या तिरोड्यात अशी संकेतस्थळे नेमाने कोण वाचतो? परंतु तेथला मजकूर खालचे नाव कापून मोबाईलवर येतो आणि चौकात खरी बातमी म्हणून सांगितला जातो. त्यात आरक्षणावरची टवाळीही असते. सत्तेची खोड काढणे वेगळे आणि ज्याला शतकानुशतके हिणवले त्यालाच पुन्हा हिणवणे वेगळे.

रौशन यांना टवाळीचा बाजार मिळाला, त्याच काळात असीम त्रिवेदी यांना मुंबईत तुरुंग मिळाला. भ्रष्टाचारावरील त्यांच्या व्यंगचित्रांचे संकेतस्थळ डिसेंबर २०११ मध्ये बंद पाडले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या कलम १२४-अ खाली अटक झाली. संविधानाचा अवमान झाला ही तक्रार आंबेडकरी विचारांच्या एका तरुणाची होती. त्याचा संताप आम्हाला समजतो. संविधानाची विटंबना आमच्या काळजाला लागते. मात्र त्या संतापाच्या आडून पोलिसांनी जे कलम लावले, ते इंग्रजांनी टिळक-गांधींवर चालवलेले होते. घटना समितीने १९४८ मध्ये अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या यादीतून 'राजद्रोह' हा शब्द काढून टाकला होता, हे आपणच विसरायचे काय?

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निकाल दिला. या चित्रांत ना विनोद आहे ना उपहास, असे न्यायालय स्पष्ट म्हणाले. तरीही हिंसेला चिथावणी नसताना हा हक्क हिरावता येत नाही, असेही बजावले. चित्र वाईट असण्याचा हक्कही संविधानानेच दिला आहे!

आपल्या हाती कायदा नाही असे नव्हे. अट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा अन्य प्रकारे अनादर करणे हा गुन्हा ठरवला. महापुरुषांची विटंबना झाली तर फिर्याद येथे द्यावी. कलम १२४-अ ला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आले, राजद्रोह हा शब्द तेवढा गाळून. चळवळीच्या कार्यकर्त्यांवर ते केव्हा चालेल याचा नेम नाही.

केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून आपल्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी, हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच कक्षाला देऊ केला होता. उपहास त्यात प्रथम सापडला असता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तेव्हा तिसरे न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. संपादकांच्या संघटनेबरोबर याचिका घेऊन गेलेल्यांत कुणाल कामरा हा विनोदी कलाकारही होता.