गोळी कधी बंद करायची, तेही लिहा ना!

रात्री अकरा, पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच. गेल्या वर्षी मावशीच्या मुलुंडच्या घरात या चार वेळांना अलार्म वाजायचा. अलार्म झाला की माझा मावसभाऊ उशीखालून १० नंबरचा पाना काढायचा, सायकलवाल्याकडे असतो ना तसा, आणि स्वतःच्या पायावरचे नट पाव-पाव फेरा फिरवायचा. एका वेळी पाव मिलीमीटर. दिवसाला एक मिलीमीटर. पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ आठवा, दिवसभरात तेवढंच हाड लांब व्हायचं.

दादाला विचारूनच लिहितेय. नाव टाकू नको म्हणाला, बाकी सगळं लिही म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी ऐरोलीहून येताना त्याची बाईक घसरली. नडगीचं हाड इतकं वाईट मोडलं की जुळलं तेव्हा पाय चार सेंटिमीटर आखूड. चार सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण मुलुंडच्या पुलाचे जिने उतरताना प्रत्येक पायरीला कंबर हलते, चपलेखाली जाड तळ लावावा लागतो आणि इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा आधी पायाकडे बघतो. म्हणून डॉक्टरांनी इलिझारोव्ह रिंग सुचवली. पायाभोवती धातूच्या कड्या, त्यातून हाडात आरपार गेलेल्या तारा. हाड एका जागी कापायचं, आठवडाभर थांबायचं आणि मग दोन्ही टोकं हळूहळू लांब करत न्यायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. घाई केली तर नसा आणि स्नायू ताण सोसत नाहीत, फार रेंगाळलं तर हाड आधीच जुळून बसतं. म्हणून तो एक मिलीमीटर.

ही पद्धत शोधली गॅव्हरिल इलिझारोव्ह यांनी, दुसऱ्या महायुद्धानंतर, सायबेरियातल्या कुर्गान या गावात. युद्धावरून मोडके हातपाय घेऊन आलेले सैनिक त्यांच्यापुढे होते आणि साधनं जवळपास नव्हती. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकलेला व्हॅलेरी ब्रुमेल मोटरसायकल अपघातात पाय चिरडून घेऊन बसला होता, तोही शेवटी त्यांच्याकडेच गेला. आज आपल्याकडे अकोल्यातसुद्धा इलिझारोव्हचं नाव असलेलं सेंटर आहे. थोडक्यात, यात जादूटोणा काही नाही. मी हे सगळं वाचून काढलं आणि खूप इम्प्रेस झाले. मग रात्री त्यांच्याकडे राहिले आणि पहाटे पाचचा अलार्म ऐकला.

मला वाटायचं, हाड कापलंय म्हणजे हाड दुखत असणार. तसं नसतं. पहिले काही दिवस गेले की हाडापेक्षा बाकीचं जास्त ओरडतं. पोटरीचा स्नायू ताणला जातो आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. तारा जिथे कातडीतून आत जातात तिथे आग होते, जरा दुर्लक्ष केलं की पू होतो. नसांचं दुखणं तर वेगळंच, करंट लागल्यासारखं, आणि ते नेमकं रात्री येतं. कूस बदलता येत नाही, कारण पायाला पिंजरा. ट्रॅक पँटची एक बाजू उसवून गल्लीतल्या टेलरकाकांनी वेल्क्रो लावून दिलं होतं, एवढीच काय ती गंमत. त्यात रोज फिजिओथेरपी. ती टाळली तर पाय लांब होईल, पण घोटा आखडेल. आणि दुखणं आवरलं नाही तर फिजिओ करताच येत नाही. म्हणजे पेनकिलर ही इथे चैन नसते, तो उपचाराचाच भाग असतो. फिजिओच्या पाऊण तास आधी गोळी, असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं.

मग साधी गोळी का नाही? आपल्या घरात डोकं दुखलं तरी कॉम्बिफ्लॅम निघते. पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घराण्यातल्या गोळ्या सूज कमी करतात, आणि नवं हाड धरायला सुरुवातीची ती सूज शरीराला हवी असते. त्यामुळे हाड लांबवताना बरेच सर्जन या गोळ्या टाळतात. शिवाय महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि किडनी यांचा प्रश्न असतोच. उरतं पॅरासिटामॉल, नसांसाठी वेगळी औषधं, आणि मग ट्रामाडॉल.

ट्रामाडॉल अफूच्या कुळातली, पण कारखान्यात बनलेली. दुखणं खरंच कमी करते. मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगीही देते. आणि रोज, आठवडेच्या आठवडे घेतली तर शरीर तिला धरून चालायला लागतं. कुणाचंही. तुमचं, माझं, जिमला जाणाऱ्याचं, एकादशी करणाऱ्याचं.

दादाच्या डिस्चार्ज पेपरवर दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. पुढचं सगळं 'फॉलोअपला बघू'. फॉलोअपला ओपीडीत तोबा गर्दी, डॉक्टर एक्स-रे बघणार, हाड छान भरतंय म्हणणार, ड्रेसिंग बघणार आणि पुढचा नंबर. गोळ्यांचं कुणी विचारलं नाही, दादाने सांगितलं नाही. मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या. त्याच जुन्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा, तासाभरात पोरगा पिशवी घेऊन दारात.

आता कायदा काय सांगतो बघा. ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. एप्रिल २०१८मध्ये तर ही गोळी थेट एनडीपीएस कायद्याखाली आली, अमली पदार्थांचा तोच कायदा जो बातम्यांत रेडच्या वेळी ऐकतो. कागदावर कडकच आहे सगळं. आणि इकडे गल्लीत व्हॉट्सअॅप. मी त्या मेडिकलवाल्या काकांना व्हिलन करत नाहीये. ते दादाला लहानपणापासून ओळखतात, पोराचा पाय दुखतोय एवढंच त्यांना दिसत होतं. प्रॉब्लेम तोच आहे. कुणीच व्हिलन नव्हतं, आणि तीन महिने गोळी चालू होती.

चाळीस दिवसांत नट फिरवणं संपलं. रिंग अजून राहणार होती, कारण नवं हाड पक्कं व्हायला सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना सहज जातो. पण दुखणं खूप कमी झालं होतं. गोळ्या मात्र दोनाच्या तीन झाल्या होत्या. दादाने मला नंतर सांगितलं ते त्याच्याच शब्दांत: "आधी दुखायचं म्हणून घ्यायचो. मग झोप लागत नाही म्हणून. मग संध्याकाळी घेतली की डोक्यातला कालवा थांबतो म्हणून. जॉब नाही, मित्र गोव्याला, मी पलंगावर. गोळी घेतली की अर्धा तास बरं वाटायचं गं."

मग एकदा मावशीने रिकाम्या स्ट्रिप्स मोजल्या. रडारड झाली. दादाने रागात सगळ्या गोळ्या कमोडमध्ये टाकल्या आणि जाहीर केलं, आजपासून बंद. घरात टाळ्या!

दुसऱ्या रात्री त्याला घाम फुटला. नाक गळायला लागलं, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, जुलाब, चांगला पायसुद्धा थडथड उडायला लागला. मावशीला वाटलं व्हायरल. दादाला वाटलं रिंगमध्ये इन्फेक्शन होऊन ते अंगात पसरलंय, आता पाय जाणार. पहाटे रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठली. तिथल्या तरुण रेसिडेंट डॉक्टरने पाय बघितला, मग बुबुळं बघितली आणि सरळ विचारलं, "कुठली गोळी बंद केलीस?"

आख्ख्या तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता.

त्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. रोज महिनाभर घेतलेली गोळी एकदम थांबवली की अंग बंड करतं, यात पेशंटचा काही गुन्हा नाही. दुखत नसताना, नुकसान दिसत असताना, लपवून घ्यावीशी वाटते तेव्हा ते व्यसनाकडे झुकतं. दादा दोन्हींच्या मधे कुठेतरी उभा होता. पण घरच्यांच्या डोळ्यांत तो एका रात्रीत 'पेशंट'चा 'गर्दुल्ला' झाला होता. पाठ फिरवून झोपलेल्या दादाला मामाने ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या वेळी हाड मोडलं तर हळद लावून कामाला जायचो." मामाचं हाड कधीच मोडलेलं नाही, हे जाता जाता.

माझा राग या 'सहन कर'वर आहे. पोरगा आहेस, सहन कर. मुलगी आहेस, पुढे बाळंतपण आहे, सहन कर. दुखतंय म्हणणं हीच कमजोरी ठरली की माणूस गोळी लपून घेतो, आणि लपून घेतलेली गोळी कुणी मोजत नाही. या भीतीची दुसरी बाजू अजून वाईट आहे. आपल्या देशात अफू कायदेशीर पिकते, पण वेदनेसाठी लागणारं मॉर्फिन गरजेच्या फक्त चार टक्केच पेशंटना मिळतं, म्हणजे गरजेतली चार टक्केच मात्रा भागते, असं लॅन्सेट कमिशनचा अहवाल सांगतो. आणि त्याच देशात, २०१९च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार, साधारण एक टक्का लोक औषधाच्या नावाने बनलेले ओपिऑइड वापरताना सापडतात. ज्याला हवं त्याला मिळत नाही, ज्याचं थांबायला हवं त्याचं थांबत नाही. 'ट्रामाडॉल बंद करा' ही मागणी मला म्हणूनच पटत नाही. ती नसती तर दादाचा घोटा आज आखडलेला असता.

हे सगळं कॉलेजच्या पानावर का? कारण रील्स. गेल्या काही महिन्यांत माझ्या फीडमध्ये उंची वाढवायच्या ऑपरेशनचे व्हिडिओ सतत येतात. आधी पाच फूट पाच, नंतर पाच फूट आठ, मागे बीट ड्रॉप. आता बाहेर रिंग न लावता हाडाच्या आत चुंबकावर चालणारा खिळा बसवतात, त्यामुळे व्हिडिओ एकदम क्लीन दिसतो. ताणलं जाणं मात्र तेच, नसा त्याच. हैदराबादमध्ये २०१६ साली एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता हे ऑपरेशन करून घेतलं, आई-वडिलांना कळलं तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण मेडिकल कौन्सिलपर्यंत गेलं. लग्नाच्या बायोडेटात उंचीचा रकाना नावाच्या खालीच असतो, त्यामुळे त्याला हसण्याचा हक्क मला तरी नाही. कुणाला करायचं असेल तर करावं. पण एकाही रीलमध्ये पहाटे पाच वाजता काय होतं ते मी पाहिलेलं नाही. गोळ्या कधी सुटल्या हेही कुणी सांगत नाही.

माझी मागणी छोटी आहे. डिस्चार्ज पेपरवर गोळी कधी सुरू करायची ते असतं, तसं ती कमी कशी करायची आणि कधीपर्यंत थांबवायची, तेही लिहा. दोन ओळी लागतील. फॉलोअपला एक्स-रेसोबत 'दिवसाला किती गोळ्या?' हा प्रश्न विचारा. राजावाडी, कूपर, भगवतीच्या ओपीडीत रांग किती असते ते मला माहितीये, डॉक्टरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मग नर्सने विचारावं, फिजिओने विचारावं. आणि आपण पेशंट असू तर आपणच विचारावं. पहिल्याच दिवशी, लाज न बाळगता: "ही सवय लावणारी आहे का? बंद कशी करायची?" त्यावर दारू नको, सर्दीची गोळी घेताना तिच्यातही पॅरासिटामॉल आहे का ते बघा, डिप्रेशनची औषधं चालू असतील तर आधी सांगा, ट्रामाडॉलशी त्यांचं वाकडं आहे. आणि मनाने एकदम बंद करू नका.

दादाची गोळी सुटायला पाच आठवडे लागले. डॉक्टरांनी आखून दिलेला तक्ता मावशीने फ्रिजवर चिकटवला होता, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. आधी दुपारची गेली, मग सकाळची, मग रात्रीची अर्धी. वाईट रात्री आल्या. एकदा त्याने १४४४६ला फोन केला, ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. आपण काय 'तसले' आहोत का, असं त्याला आधी वाटत होतं. पलीकडच्या बाईंनी पायाबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं, ओरडल्या नाहीत. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ पण आहे.

रिंग निघाली. टाच टेकते. चार सेंटिमीटर भरून निघाले, नडगीवर तारांचे गोल डाग राहिलेत, ते तो टॅटूसारखे दाखवतो.

परवा जेवताना त्याला लागोपाठ तीन जांभया आल्या. मावशीचा हात ताटावरच थांबला.

"अगं आई, मॅच दोन वाजेपर्यंत होती," दादा म्हणाला.