कर्ज काढून शिकणाऱ्याचा गुन्हा कोणता?

घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पुढे एम. ए. साठी बँकेचे कर्ज काढावे म्हणतो; पण ‘नोकरी नाही लागली तर?’ या आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे ७९ वे कलम पाहा. दिवाळे निघाले तरी न सुटणाऱ्या देण्यांत कोर्टाचा दंड, पोटगी आणि त्याच पंगतीला विद्यार्थ्याचे कर्ज! धंद्यात बुडालेल्याला कायदा पुन्हा उभे राहू देतो, शिकून बेकार राहिलेल्याला नाही.

बुडवेगिरी नकोच. अमेरिकेने १९७६ साली पाच वर्षे थांबण्याची अट घातली होती. तशी आपणही घालावी. परंतु तिने १९९८ साली केले तसे मुदतीचे दारच बंद करू नये. संहितेचा हा भाग २०१९ साली फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झाला. आपल्यापर्यंत येण्याआधीच तो बदलला पाहिजे.