खाकीवर कवटी कशाला?

पोलीस आणि कोर्ट नालायक ठरले म्हणून ज्याने बंदूक उचलली, त्याचं चिन्ह पोलीसच छातीवर मिरवतात. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

फ्रँक कॅसल ऊर्फ पनिशर. मार्व्हल कॉमिक्सचा, व्हिएतनामहून परतलेला अमेरिकन मरीन. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेली त्याची बायको आणि मुलं गुंडांच्या गोळ्यांना बळी पडतात. मग काळ्या कपड्यांवर पांढरी कवटी चढवून तो एकेक गुंड टिपत सुटतो. त्या बापाच्या दुःखाशी माझं भांडण नाही. असा घाव बसलेल्याला संयमाचं प्रवचन देणाऱ्यांचा मलाही संताप येतो. भांडण आहे ते त्याच्या भक्तगणांशी. एका उद्ध्वस्त माणसाला त्यांनी आराध्यदैवत केलं आणि त्याची पोथी मात्र उघडलीच नाही.

उघडली असती तर? फेब्रुवारी १९७४, ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक १२९. पनिशर इथे पहिल्यांदा अवतरतो, आणि कुणाला मारायला? स्पायडर-मॅनला! जॅकल नावाचा खलनायक त्याचे कान भरतो, पेपरवाले स्पायडर-मॅनला खुनी ठरवून मोकळे झालेलेच असतात, आणि हे स्वयंघोषित न्यायमूर्ती निघतात शिकारीला. ना साक्ष, ना पुरावा, ना उलटतपासणी. पदार्पणातच नेम निरपराधावर! सूडाच्या कोर्टात अपील नसतं, हे पहिल्याच अंकात छापलेलं आहे. वाचायला किती वेळ लागतो?

२०१७ साली केंटकीतल्या कॅटलेट्सबर्ग गावच्या पोलिसांनी ही कवटी थेट गाड्यांच्या बॉनेटवर चिकटवली. लोकांनी बोंब मारली, तेव्हा उतरवली. २०१९ मध्ये तर कॉमिकमधल्या पनिशरनेच पोलिसांच्या गाडीवरचं आपलं स्टिकर टराटरा फाडलं आणि आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिकाचा घ्या, असं त्यांना ठणकावलं. त्याचे जनक गेरी कॉनवे यांनीही, तो न्यायव्यवस्थेच्या अपयशाचं प्रतीक आहे, असं स्वच्छ सांगितलं. देवाने झिडकारलं, निर्मात्याने झिडकारलं, तरी भक्त हटेनात! ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदेवर चालून गेलेल्या, पोलिसांना बदडणाऱ्या जमावातही हीच कवटी दिसली. आता बोला.

अमेरिकेला नावं ठेवून आपण सुटत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली, पेढे वाटले गेले. ‘झटपट न्याय’ म्हणे! सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये काय सांगितलं? चकमकीची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही. चौघांपैकी तिघे अल्पवयीन. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. सिरपूरकर आपल्या विदर्भातले. पण त्यांचा अहवाल आपल्यापैकी किती जणांनी चाळला? फुलं उधळणाऱ्यांपैकी कितींनी?

कुटुंब गमावलेल्या सैनिकाने कायदा हातात घेतला, तर निदान त्याच्या हाताला शोकाचा कंप असतो. पगार घेऊन, शपथ घेऊन, सरकारी पिस्तूल कमरेला लावून तेच करणाऱ्याकडे कुठली सबब आहे? काहीही नाही. तेव्हा पोलिसाच्या गाडीवर किंवा गणवेशावर कवटी दिसली, तर टाळ्या वाजवू नका. फोटो काढा आणि लेखी तक्रार करा.