फुकटच्या सुरांचा हिशेब

गेल्या दिवाळीत पुतण्याने मला एक पेनड्राइव्ह भेट दिला. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तू, आणि तिच्यात दोन हजार गाणी! ‘काका, तुमच्या आवडीची सगळी शोधून भरली आहेत,’ तो म्हणाला. कुठून आणलीस, असे मी विचारले नाही. मिठाईचा पुडा देणाऱ्याकडे हलवायाचे बिल कोणी मागत नाही.

आठ-दहा दिवसांनी एका वाचकाचा दूरध्वनी आला. ‘साहेब, तुमची कादंबरी दोन रात्रींत संपवली. फार आवडली.’ लेखकाला आणखी काय हवे असते? मी सहज विचारले, पुस्तक कुठल्या दुकानात मिळाले? तो मोकळेपणाने म्हणाला, ‘पुस्तक नाही हो, आमच्या ग्रुपवर पीडीएफ आली होती. मीही पुढे पंचवीस जणांना पाठवली.’ त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. माझ्यावर उपकार केल्याचा आनंद होता. मला राग आला. पण तो बोलून दाखवण्याची सोय नव्हती, कारण मागे त्या पेनड्राइव्हमधले गाणे चालू होते.

हा दोष एकट्या आजच्या तरुण पिढीचा नव्हे. 1980 च्या दशकात आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जात होतो आणि संध्याकाळपर्यंत तो ती ‘भरून’ देत असे. त्याच सुमारास, 1984 साली, सरकारने 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील शिक्षा कडक केली. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. आपल्यापैकी कितीजणांनी ते वाचले होते?

कॅसेटची नक्कल मात्र प्रत्येक पिढीगणिक खरखरत जाई. तोच तिला लगाम होता. एमपीथ्री आले आणि तो लगाम सुटला. सीडीवर चार मिनिटांचे गाणे सुमारे 40 एमबी जागा घेते. एमपीथ्रीमध्ये ते चारेक एमबीत बसते आणि हजारावी प्रतही पहिलीसारखीच वाजते. 1999 साली अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले आणि परक्याच्या संगणकातले गाणे आपल्या संगणकात घेणे हा घरबसल्या खेळ झाला. न्यायालयाच्या आदेशांपुढे 2001 साली ते बंद पडले. मग रेकॉर्ड कंपन्यांनी थेट श्रोत्यांनाच धरले. सप्टेंबर 2003 मध्ये एका दमात 261 जणांवर दावे लावले गेले. त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून सुटका करून घेतली. मिनेसोटातील एका महिलेला 24 गाण्यांपायी 2 लाख 22 हजार डॉलरची भरपाई अंगावर आली. अखेर 2008 साली कंपन्यांनी ही मोहीम आवरती घेतली. ग्राहकाला कोर्टात खेचून कोणाचे दुकान चालत नाही, हे त्यांना उमगले असावे.

आपल्याकडे घरगुती श्रोत्यावर अशी धाड पडलेली नाही, म्हणून कायदा निजला आहे असे समजू नये. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला. दुसरीकडे कलम 52 खाजगी वापरासाठी काही मुभा देते. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःसाठी मोबाइलवर उतरवणाऱ्याची बाजू त्यामुळे बळकट आहे. मूळ प्रतच चोरीची असेल, तर ही ढाल पुरेलच अशी खात्री कोणी देऊ नये.

बँकेत असताना रोख विभागात आम्ही एक साधा भेद शिकलो होतो. खोटी नोट नकळत हाती येणे हा गुन्हा नव्हे. खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे खपवणे हा गुन्हा. गाण्यांनाही हा भेद पुष्कळ अंशी लागू पडतो. टॉरेंट नावाचा प्रकार इथेच फसवतो. त्यात गाणे उतरत असतानाच त्याचे तुकडे आपल्या यंत्रातून इतरांकडे जात असतात. आपल्याला वाटते आपण नुसते घेतो आहोत. प्रत्यक्षात आपण वाटतही असतो. माझ्या त्या वाचकानेही हेच केले होते.

‘फुकट डाउनलोड’ म्हणून मिरवणाऱ्या संकेतस्थळांत आणखी एक धोका आहे, आणि तो कोर्टापेक्षा जवळचा आहे. गाणे मागावे आणि ‘एपीके’ अशा शेपटीची फाइल हाती यावी, तर ती उघडू नये. ते गाणे नसते, तो प्रोग्राम असतो. त्याने संदेश वाचण्याची परवानगी मागितली आणि आपण दिली, की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती गेलाच म्हणून समजा.

रीतसर मार्ग आज महाग राहिलेले नाहीत. जाहिराती सोसल्या तर अनेक ठिकाणी गाणे विनामूल्य ऐकता येते. वर्गणी भरली तर अ‍ॅपमध्ये उतरवूनही ठेवता येते. मात्र हे बँकेच्या लॉकरसारखे आहे. भाडे थकले की किल्ली लागत नाही. कायमची मालकी हवी असेल त्याने सीडी किंवा विकत मिळणारी फाइल घ्यावी.

आता जुन्या गाण्यांचे पाहू. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ‘संगीत स्वयंवर’ 1916 चे. त्याचे कर्ते खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले त्याआधीच, 1922 साली. त्या पदांच्या 1930 च्या दशकातील तबकड्या आज सर्वांच्या आहेत. ‘गीतरामायण’ आकाशवाणीवरून 1955-56 साली गाजले, तेव्हा तेही मोकळे असेल असे वाटते. पण गदिमा 1977 साली गेले आणि सुधीर फडके 2002 साली. शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत आणि चालींचा 2062 अखेरपर्यंत चालणार. जुने म्हणजे बिनधन्याचे, असा समज करून घेऊ नये.

हक्क म्हणजे कंपनीची तिजोरी, गाणाऱ्या-लिहिणाऱ्याला काय मिळते, असा प्रश्न नेहमी येतो. तो रास्त होता. 2012 च्या दुरुस्तीने मात्र चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मानधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली. चोरीच्या प्रतीतून या वाट्याला शून्य येते.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. कायद्याने धंदेवाईक चोर आणि घरातला श्रोता यांना एकाच काठीने हाणू नये. धंद्यातला नफा नसेल तर किमान शिक्षेहून कमी शिक्षा देण्याची मोकळीक कायद्यातच आहे. ती उदारपणे वापरली जावी. कंपन्यांनीही कपाटात कुलूपबंद ठेवलेली जुनी मुद्रणे रास्त दरात बाहेर काढावीत. जे विकतच मिळत नाही, त्याची चोरी थांबवणे कठीण असते. अनेक तबकड्या आज टिकल्या आहेत त्या खाजगी संग्राहकांच्या वेडामुळे, हेही विसरता कामा नये.

आणि आपण? आपण निदान जे रीतसर मिळते ते रीतसर घ्यावे. मी त्या दोन हजार गाण्यांची यादी घेऊन बसलो. मनापासून ऐकावीत अशी तीनशेच निघाली. त्यांतली बहुतेक एका वर्गणीत मिळाली. तीस-पस्तीस कुठेच मिळाली नाहीत. ती अजून पेनड्राइव्हवर आहेत. ती पुसायला माझा हात धजत नाही, हे कबूल करतो. पण ती कोणाला उतरवून देत नाही.

त्या वाचकाला मी अजून परत दूरध्वनी केलेला नाही. तेव्हा तोंड नव्हते. आता करावा म्हणतो.